गाव पडलं नव्हतं, इद्रीस

इद्रीस,

परवा तुझ्या नावाने जमलेल्या बैठकीत मी भांडलो. दुखवट्याला गेल्यावर भांडू नये, हे मलाही कळतं. पण झालं खरं. इथे बहरीनला, मनामातल्या त्या हॉलमध्ये तुमचे सुदानी लोक पांढऱ्या पायघोळ जलाबिया घालून भिंतीला लागून बसले होते, मी एकटा पँट-शर्टातला. कुणीतरी खजूर दिला, कॉफी दिली. माझ्या शेजारी इस्त्रीच्या कपड्यातला एक गृहस्थ होता, कुठल्या तरी ऑफिसात मोठ्या जागेवर असावा. मला समजावं म्हणून तो हिंदीत म्हणाला, "बिचारा इद्रीस. गाव तर कधीच पडलं होतं. मेलेल्या गावात मरायला गेला."

मी म्हटलं, "गाव पडलं नव्हतं."

"भाई, बातम्यांत आलं होतं."

"बातम्या देणारा तिथे पाणी भरायला गेला होता का?"

माझा आवाज चढला असणार, कारण सगळे बघायला लागले. एका म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "खलास, खलास", पुरे आता, असं म्हणत मला खाली बसवलं. बसलो. पण माझं बोलणं व्हायचं होतं. त्यातलं निम्मं तुला माहीत आहे, आणि निम्मं मी तुला कधी सांगितलंच नाही. म्हणून आता तुझ्याशीच बोलतो.

तुला 'तू' म्हणतो. तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, मास्तर माणूस. आमच्याकडे असतास तर मी तुला 'गुरुजी' म्हटलं असतं. पण आपल्या त्या मोडक्या हिंदीत अहो-जाहो शिरलंच नाही, आणि आता शिरवून काय करू?

आपली ओळखसुद्धा भांडणातूनच झाली. सखीरच्या बाजूला ज्या इमारतींची देखभाल आपल्या कंपनीकडे होती, तिथे मी पंप मेकॅनिक आणि तू स्टोअरकीपर. पहिल्याच आठवड्यात एक पंप दांड्यापाशी गळत होता. तिथे भरायला मला पॅकिंगची हातभर दोरी हवी होती, आणि तू फोरमनची सही मागत होतास.

"पाणी वाया जातंय," मी म्हटलं.

"सही कुठे आहे?"

"सही आणीपर्यंत तळघर भरेल."

"मग पळत जा. नाव काय तुझं?"

सदानंद म्हटलं, तर म्हणालास, लांब आहे. मग म्हटलं, सदा म्हण. तू एवढा हसलास की तुला चष्मा काढून पुसावा लागला. तुमच्याकडे बिनदुधाच्या चहाला 'शाय सादा' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी सादा झालो. दोरी मात्र सही आणल्यावरच मिळाली.

नंतर नईममधल्या त्या जुन्या इमारतीत आपण एकाच मजल्यावर राहायला आलो. तू इथे नटबोल्ट मोजत होतास, पण भूगोल शिकवायचं सोडलं नव्हतंस. गच्चीवर चहा पिताना माझी शिकवणी चालायची. सुदानच्या दक्षिणेकडे पांढऱ्या नाईलच्या काठावर तुझं गाव, हिल्लत-अल-नीम. "नीम म्हणजे तुमचाच नीम," तू सांगितलंस. मी म्हटलं, म्हणजे आमच्या भाषेत कडुनिंबवाडी झाली. तुला ते नाव फार आवडलं. एक तराफा, एक मासळीबाजार, विटांच्या भट्ट्या, मुलींची शाळा, काठावरची ज्वारीची गिरणी. संपलं गाव. पण तू ते असं सांगायचास की जगाची राजधानी तीच.

नाईलला तुम्ही नदी म्हणतच नाही, 'बहर' म्हणता. समुद्र. "या देशाचं नाव बहरीन, दोन समुद्र," तू म्हणायचास. "दोन असून एक घोट पिता येत नाही. आमचा एकच आहे, पण गोड."

"आमची वाशिष्ठी नदीच आहे," मी म्हणायचो, "पण ती घरात येऊन जाते."

ती एका पावसाळ्यात खरोखरच घरात येऊन गेली. चिपळूणला माझ्या भावाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. मी इथे मोबाईलवर चिखल बघत बसलो होतो आणि खोलीतला एकजण सहज बोलून गेला, "चिपळूण संपलं रे." तू दारात उभा होतास. मराठी तुला येत नव्हती, पण माझ्या तोंडाकडे बघून तू त्याला विचारलंस, काय म्हणालास? त्याने हिंदीत सांगितलं. तू त्याला म्हणालास, "ज्याचं गाव आहे तो सांगेल संपलं की नाही. तू नाही सांगायचं."

परवा मी हॉलमध्ये उठलो तो या एका वाक्याच्या जोरावर.

*

लढाई आधी राजधानीत सुरू झाली. एकीकडे सरकारी फौज, दुसरीकडे बंदुका घेतलेल्या टोळ्या. तू म्हणायचास, आमच्याकडे काय आहे न्यायला, ज्वारी आणि डास. मग एका सकाळी स्टोअरमध्ये तुझ्या मोबाईलवर बातमी आली, तुझ्या गावाचं नाव लिहून पुढे लिहिलं होतं, 'पडलं'. तू मला ते वाचून दाखवलंस आणि म्हणालास, "गाव कसं पडेल? सपाट जमिनीवर आहे." मी हसलो नाही. तूही हसला नाहीस.

अकरा दिवस काही कळलं नाही. बाराव्या दिवशी तुझ्या बहिणीचा, आमनाचा, आवाज आला. आमना मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. शाळा बंद, आणि वर्गांमध्ये नदीच्या वरच्या गावांतून पळून आलेली माणसं राहत होती. बाजारात बंदूकवाल्यांनी सॅटेलाइटच्या इंटरनेटची टपरी घातली होती, तिथे जाऊनच फोन लागे आणि परतताना ते लोक मोबाईल तपासत. तेवढ्या वेळात तिने सांगितलं ते असं. त्यांनी पाणीपुरवठ्याच्या मोटारी उचलून नेल्या, तांब्याची केबलसुद्धा उपसून नेली. नदीच्या वाटेवर चौकी बसवली. तरुण पोरींना कुणी नदीवर पाठवत नाही, म्हाताऱ्या बायका डबे घेऊन जातात. गढूळ पाणी पिऊन शाळेत कॉलरा शिरला आहे.

आणि शेवटी एवढंच म्हणाली, "एक इंजिन आहे, एक पंप आहे, मध्ये एक भिंत आहे. हे उदाहरण सुटतं का, तुझ्या मेकॅनिकला विचार."

इंजिन काठावरच्या अब्बासच्या गिरणीचं होतं. ती गिरणी बंदूकवाल्यांनी मोडली नव्हती, कारण त्यांनाही पीठ लागायचं. उलट डिझेल तेच आणून देत. गिरणीच्या भिंतीमागे अब्बासची भाजीची बाग, बागेत नदीत पाईप सोडलेला जुना पंप, आणि बागेपलीकडे शाळेची टाकी. तिने फोटो पाठवला. तू मोबाईल माझ्यापुढे धरलास आणि मी फोटो मोठा न करताच म्हटलं, "डाव्या अंगाला पत्रा असेल बघ. मेड इन इंडिया."

तू मोठा करून बघितलंस. होता.

माझ्या मामाची पिठाची गिरणी होती, त्याच इंजिनावर. मोठाली दोन चाकं, हँडल मारून चालू करायचं. आज इथल्या शिकलेल्या इंजिनियरला ते दाखवलं तर तो म्हणेल म्युझियममध्ये ठेवा. मी त्याच्या ठोक्यावर लहानाचा मोठा झालो. "ही दोन चाकं बघ," मी तुला म्हटलं. "एका चाकावर गिरणीचा पट्टा आहे. दुसरं भिंतीकडे रिकामं फिरतंय. भिंतीला भोक पाडा, त्या चाकावरून पट्टा पलीकडे न्या, पंपावर चढवा. इकडे दळण चाललं की तिकडे पाणी चढेल. आवाज एकच."

तू ते रिकामं चाक फोटोत बोटाने शोधलंस. मग म्हणालास, "म्हणजे त्यांच्याच डिझेलवर?"

"त्यांच्याच."

तुला हसू आवरेना. तीन महिन्यांत तू पहिल्यांदा हसलास.

पुढचे शुक्रवार मला पाठ आहेत. जिदहफ्सच्या बाजारात आपण भंगारातून तसाच एक पंप शोधून काढला, टॅक्सीत घालून नईमला आणला आणि गच्चीवर जुन्या चादरीवर उघडून बसलो. मी हिंदीत सांगायचो, हाताने दाखवायचो. तू ते अरबीत आमनासाठी बोलायचास. मोबाईल तपासला जायचा म्हणून पंपाचं नाव ठेवलं हबोबा. तुमच्याकडे आजीला हबोबा म्हणतात. इंजिनाबद्दल उघड बोलता यायचं, गिरणी सगळ्यांची होती. पंपाबद्दल मात्र सगळं आजीच्या तब्येतीतून.

"हबोबा पाणी पिते," एकदा आमनाचा निरोप आला, "पण पोटात ठरत नाही."

"तिच्या पायाकडची झडप गेली," मी म्हटलं. "पाईपच्या नदीतल्या टोकाला आहे ती. जुन्या चपलेचं चामडं घ्या, गोल कापा, तेलात बुडवून बसवा. माझा मामा तेच करायचा."

तू बोलायला तोंड उघडलंस आणि थांबलास. "सादा, हे आजीच्या भाषेत कसं सांगू? आजीच्या पायाला चप्पल बांधा?"

"सांग तसंच. गणिताची बाई आहे, समजेल."

समजली. ज्या बाईने आयुष्यात पाना हातात धरला नव्हता, तिने आणि अब्बासने मिळून ते बसवलं. तिचा पुढचा निरोप अकरा सेकंदांचा होता. आधी इंजिनाचा ठोका, मग त्याच्यामागे पत्र्याच्या टाकीत पाणी पडल्याचा आवाज. तुमच्या बायका लग्नात जीभ हलवून जो आनंदाचा आवाज काढतात, तो एकीने काढला आणि लगेच कुणीतरी तिचं तोंड दाबलं. तू ते एकदाच ऐकलंस, मोबाईल माझ्या हातात दिलास आणि तोंड धुवायला गेलास. बराच वेळ नळ चालू होता.

जवळजवळ पाच महिने. पाच महिने बंदूकवाले दारात बसून पीठ दळून घेत होते आणि भिंतीमागे त्यांच्याच डिझेलवर गाव पाणी पीत होतं. आमना टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाकायची, नाहीतर पाणी उकळायला लावायची. शाळेतला कॉलरा थांबला. एका वर्गात तिने अपूर्णांकही सुरू केले. बातम्यांमध्ये हे गाव पडलेलंच होतं.

*

आता ते सांगतो, जे तुला कधी सांगितलं नाही.

शाळेत माणसं वाढली आणि टाकी अर्धीच राहू लागली. दळण कमी यायचं, तेवढ्या वेळात पाणी पुरेसं चढत नसे. त्या शुक्रवारी मी वैतागलो होतो. मी म्हटलं, "दळण संपलं तरी अर्धा तास इंजिन चालू ठेवायला सांग."

"आवाज?"

"आवाज रोजचाच आहे. कोण बघतंय घड्याळ? टाकी भरायची आहे की नाही?"

तू मोबाईल घेऊन कठड्यापाशी गेलास आणि भराभर अरबीत बोललास. मी खाली मान घालून पंपाचं गॅस्केट खरवडत होतो. ऐकलं नाही.

आठ दिवसांनी तू स्टोअरमध्ये मला म्हणालास, "अब्बासला नेलं."

"का?"

"दळण नव्हतं. इंजिन चालू होतं."

त्यांनी भिंतीमागे जाऊन पाहिलं. अब्बास म्हणाला, माझ्या बागेला पाणी घालतो, दुसऱ्या कुणाचा संबंध नाही. आमनाचं नाव घेतलं नाही, शाळेचं घेतलं नाही. त्यांनी पट्टा कापला, पंप नदीत ढकलला आणि अब्बासला गाडीत घालून घेऊन गेले. तो परत आला नाही.

तू हे सगळं खाली बघून सांगितलंस. मला वाटलं, तू माझ्याकडे बघायचं टाळतो आहेस. वाटलं, आता म्हणेल, तुझ्या अर्ध्या तासाने. तू म्हणाला नाहीस. मी विचारलं नाही. त्यानंतर वर्षभर आपण रोज एकत्र चहा प्यायलो, इद्रीस, आणि रोज ते विचारायचं मी उद्यावर ढकललं. गिरणीवाल्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. जेवताना भाकरी मोडली की तो आठवायचा.

गाव मात्र बसलं नाही. आमनाने बायकांना शाळेच्या प्रार्थनेला लावतात तशी रांग लावली आणि भर सकाळी सगळ्या एकदम नदीवर गेल्या. पुढे आमना, मागे म्हाताऱ्या, मधोमध तरुण पोरी. चौकीवरच्यांनी विचारलं, सगळ्या एकदम कशाला? आमना म्हणाली, मोजायला सोपं पडतं. रोज तशाच जाऊ लागल्या. अब्बासच्या बायकोने गिरणी चालू ठेवली. भिंतीतलं भोक तिने बुजवलं नाही.

मग एक दिवस फौज जवळ आली आणि बंदूकवाले मिळेल ती गाडी घेऊन निघून गेले. कोळ्यांनी जाळं टाकून पंप वर काढला. बेअरिंग बदललं आणि यावेळी पट्टा उघड्यावर चढवला. तू मला तो व्हिडिओ दाखवलास आणि त्याच दमात म्हणालास, "मी जातोय."

मला वाटलं सुट्टीवर. तू राजीनामा देऊन आला होतास.

त्यावरून आपण महिनाभर भांडलो. तुला रोज इन्सुलिनची सुई लागायची. मी म्हटलं, "तिकडे वीज नाही. फ्रीज नाही. ठेवशील कुठे?"

"झीर आहे. मातीचा रांजण. त्यात गार राहतं."

"आणि संपल्यावर रांजणात काय ठेवशील?"

"मिळेल, इंशाल्ला."

"इंशाल्ला म्हणजे मफी, काही नाही, हे मला एकोणीस वर्षांत कळलंय."

तू रागावलास. कधी नव्हे तो उभा राहिलास. "सादा, तू दर वर्षी घरी जातोस. चिखल झाला तेव्हा पुढच्याच विमानाने गेलास. मी विचारलं का, कशाला जातोस म्हणून? शाळा उघडली आहे. भूगोलाला मास्तर नाही. मी इथे वॉशर मोजत बसू?"

मी जास्तच चिडलो. विमानतळावर सोडायला आलो, पण गळाभेट घेतली नाही. तू हात पुढे केलास, मी हातात हात दिला आणि म्हटलं, "चुकतोयस." तुझ्या तोंडावर मी उच्चारलेला तो शेवटचा शब्द. मागे घेणार नाही. तू चुकलासच. तुला मेलेला बघण्यापेक्षा चुकीचा ठरवणं मला सोपं जातं आहे, असं समज हवं तर.

पोर्ट सुदानपर्यंत विमान, पुढे तीन दिवस बस. पोचल्यावर तुझा आवाज वीस वर्षांनी तरुण झाला होता. मुलींना नकाशा काढायला लावलास, छापील नकाशे जळाले होते म्हणून. फोनवर मी दर वेळी एकच विचारायचो, इन्सुलिन आहे ना? तू म्हणायचास, मिळतंय इथे, चिंता मफी.

खोटारड्या.

*

तीन आठवड्यांपूर्वी आमनाचा निरोप थेट माझ्या मोबाईलवर आला. आजवर तिचं सगळं तुझ्या तोंडून ऐकलेलं. ती मुद्दाम सावकाश बोलली, वर्गातल्या मठ्ठ मुलासाठी बोलतात तशी. तरी मी सात वेळा ऐकलं. तू गेलास. आधी ताप आला, साखर वाढलेली होतीच, चार दिवसांत सगळं आटोपलं. मग तिने सांगितलं की तू इथून नेलेल्या इन्सुलिनपैकी निम्मं शेजारच्या एका मुलीला देऊन टाकलं होतंस. नववीतली मुलगी, जन्मभर सुई लागणारी. "मोठ्या माणसाचं भागतं," असं तू म्हणालास म्हणे. तुझं संपून तीन आठवडे झाले होते. माझ्याशी बोलताना, चिंता मफी म्हणताना, ते संपलेलं होतं.

ती मुलगी बरी आहे, असंही आमना म्हणाली. तुला शेवटची आंघोळ घालायला हवं तेवढं पाणी होतं, असं म्हणाली. नळाचं.

मी दोन दिवस कामाला गेलो नाही. तुझ्यावर इतका राग कधी आला नव्हता. आणि त्याच रागात मी तिला निरोप पाठवला, माझ्या त्या बांधकामावरच्या अरबीत. म्हटलं, आमना, आता इद्रीस नाही, म्हणून मला सांगितलंच पाहिजे. ते अर्धा तास जास्त चालवायला मीच सांगितलं होतं. अब्बास माझ्यामुळे गेला.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं.

"असं इद्रीसने आम्हाला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. "त्या दिवसाचा त्याचा निरोप मला पाठ आहे. तो म्हणाला होता, सादा सांगतो, दळण थांबलं की हबोबाला लगेच झोपवा. एक मिनिटही जास्त नको. सादा फार काळजीत आहे."

मी मोबाईल खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"आम्ही ते ऐकून बोलायला बसलो," ती पुढे म्हणाली. "मी म्हटलं, मेकॅनिक बरोबर सांगतोय. अब्बास म्हणाला, मेकॅनिकने शाळेतली पोरं मोजलेली नाहीत. टाकी भरेपर्यंत मी चालवणार. त्याला माहीत होतं काय होईल ते. सगळं माहीत होतं. सादा, ते काम अब्बासचं आहे. ते त्याच्याकडून काढून घेऊ नकोस."

इद्रीस, तू माझ्या नावाने माझ्याच विरुद्ध निरोप दिलास! कठड्यापाशी उभा राहून, माझ्यापासून दहा हातांवर. मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, कारण मी वाद घातला असता, आणि तुला घाई होती. मग अब्बास गेला तेव्हाही सांगितलं नाहीस, कारण तुला कल्पनाच नव्हती की मी ते माझ्या डोक्यावर घेऊन फिरतोय. कशी असणार? मी विचारलं कुठे? एक प्रश्न विचारला असता तर एका चहात सुटलं असतं. आपण दोघांनी एकमेकांना वाचवायला किती काय लपवलं, आणि कुणाचं काय वाचलं, मला अजून नीट लावता येत नाही.

पण एक नीट लागलं आहे. त्या इस्त्रीवाल्याला मी जे सांगायला उठलो होतो, ते मी तुझी बाजू घ्यायची म्हणून सांगत नव्हतो. जिथे गिरणीवाला बसून ठरवतो की आज इंजिन जास्त चालणार आणि किंमत मी देणार, जिथे बाई बंदुकीसमोर रांग लावते, जिथे नववीतल्या पोरीसाठी म्हातारा मास्तर आपली सुई देऊन टाकतो, ते गाव कुणाच्या हातात पडलेलं नसतं. त्यांनी तिथे चौकी बसवली, एवढंच. चौकी गेली. आणि तू मेलेल्या गावात मेला नाहीस. तू एका जित्या गावात, शाळा चालू असताना, भूगोलाच्या तासाचा मास्तर म्हणून गेलास. अब्बासला न्याय मिळालेला नाही, त्याची कबर कुठे आहे हेही त्याच्या बायकोला माहीत नाही, आणि ती रोज गिरणी उघडते. तिच्यापुढे उभं राहून कुणी म्हणावं, गाव पडलं होतं.

आता तुला एक खबर. मागच्या शुक्रवारी आमनाने पुन्हा निरोप पाठवला. तिला दहावीच्या मुलींना इंजिन शिकवायचं आहे, उघडून, जोडून, सगळं. पुन्हा कुणी मोटारी नेल्या तर एका माणसावर गाव अवलंबून राहायला नको, म्हणाली. "तू बोल, मी त्यांना ऐकवते."

मी लिहिलं, माझी अरबी मुकादमाची आहे. शाळेत नाही चालायची.

"बोल," ती म्हणाली.

म्हणून काल दुपारी गच्चीवर गेलो. डिझेल टाकीतून नोझलपर्यंत कसं जातं, मध्ये हवा शिरली तर ती कशी काढायची, एवढंच सांगायचं होतं. सहा मिनिटं लागली. मला 'हवा' येत होती, 'नळी' येत होती, 'बुडबुडा' येत नव्हता. मग 'पाण्यातला छोटा गोल वारा' असं म्हटलं. स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा तर पार चिखल केला. दोनदा वाटलं, पुसून टाकावं.

तासाभराने त्यांचा आवाज आला. आधी सगळा वर्ग खदखदून हसत होता. आमना त्यांना गप्प करत होती आणि तीही हसत होती. मग एक मुलगी पुढे येऊन स्पष्ट, खणखणीत बोलली. हवा निघून गेली हे कशावरून ओळखायचं, असं तिने विचारलं. बरोबर तोच प्रश्न, जो विचारायला हवा होता.

मी लगेच उत्तर पाठवलं. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत थांबायचं, असं सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. मध्ये उभं राहून माझं बोलणं सरळ करायला, हवं तसं फिरवायला, आता कुणी नाही. मी चुकीचंच बोलतो, इद्रीस, आणि त्यांना कळतं.